हारालानदादाची दुसरी फिल्म

चर्च सुटलं आणि अख्खं द्रेनोवित्सा गाव वाचनालयाच्या अंगणात लोटलं. हाडवैद्य हारालानदादाने स्तामातला खुर्चीत बसवलं आणि दवाखान्याच्या लिफाफ्यातून एक काळी फिल्म काढून उन्हात धरली.

"बघा, ही स्तामातची मान! मणक्यातल्या गाद्या झिजल्यात, नस आवळलीय. डॉक्टर म्हणतात, कापा! आणि मी?"

"नुसता हात!" लोक ओरडले.

त्याने लिफाफ्यावर हात फिरवला, काहीतरी पुटपुटला आणि दुसरी फिल्म काढली. आवळलेली जागा गायब! "दोनदा मान फिरवली तर फोटोसुद्धा बरा झाला. आज तिसऱ्यांदा फिरवली की काम फत्ते!" बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

वेसेलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जिल्हा रुग्णालयात असलेच फोटो वाचायची, आणि हा तर तिनेच वाचला होता. तिचा काका स्तामात वर्षभर झोकांड्या खात चालत होता, हातातून चमचा गळत होता. गाव म्हणालं, राकिया जास्त होतेय. बिचारा दारूला शिवलाही नव्हता! गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती, ती त्याने रद्द केली. आणि आता हा माणूस तीच मान पिरगळणार होता.

"काका, उठा त्या खुर्चीवरून."

"वेसा, फोटो खोटं बोलतो का गं?"

"फोटो नाही, दाखवणारा बोलतो." तिने दोन्ही फिल्म हिसकावून पोस्टातल्या पेनकाबाईपुढे धरल्या. "कोपऱ्यात काय छापलंय?"

"नऊ एप्रिल, दहा वाजून वीस. दुसरीवर... अगं बाई, तेच! म्हणजे दोन्ही याने मान धरायच्या आधीचे!"

"यंत्राचं घड्याळ बंद पडलं असेल!" हारालान म्हणाला. लोक हसले. त्या हसण्याने ती आणखीच चिडली.

तिने टेबलावरचा ईस्टरचा गोड पाव उचलून मधोमध उभा कापला. आत अक्रोडांची लांब रांग. मग कडेला एक उभा काप घेतला. तो कोरा. "झाले का अक्रोड बरे? यंत्रही मान अशीच उभी कापत जातं. पहिली फिल्म मधली आहे. कण्यातल्या पांढऱ्या पाण्यात करडी दोरी दिसते, तो मज्जारज्जू. इथे झिजलेल्या गादीने पाणी दाबून टाकलंय, दोरी चेपलीय, आत पांढरा डागही पडलाय. दुसरी फिल्म कडेची. तिच्यात दोरीच नाही, मग चेपलेली कुठून दिसणार?"

स्तामातने हळूच विचारलं, "ऑपरेशनने पहिल्यासारखा होईन?"

"वचन देत नाही. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पण पुढचं नुकसान बहुतेक थांबेल. मान पुन्हा पिरगळली तर मात्र कदाचित आजच खाटेला खिळाल."

"हा सगळं देतो म्हणतो. तू अर्धंच."

"अर्धंच आहे म्हणून अर्धं सांगते, काका!"

स्तामात खुर्चीचे हात धरून उठायला लागला. पाय साथ देईनात. एका बाजूने वेसेलिनाने धरलं, दुसऱ्या बाजूने पेनकाबाईने.

ते फाटकापाशी पोहोचतात तोच रिकाम्या खुर्चीत दुसरा माणूस लिफाफा घेऊन बसला. वेसेलिनाला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"अहो, आधी सगळ्या फिल्म बाहेर काढा!" ती ओरडली. "मोजा! तारीख वाचा! एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी करा!"

हारालानने हात पुढे केला. त्या माणसाने लिफाफा त्याला दिला नाही. मांडीवर ठेवून तो स्वतःच उघडायला लागला.