चौथं कुलूप

आमचे हे कुलूपवाले. बाजाराच्या कोपऱ्यावर यांचं दुकान आहे. चावी हरवलेली भलीभली माणसं तिथे हात जोडून उभी असतात. आमच्या दाराला तीन कुलपं. दुधाची पिशवी आत घ्यायची तरी तिन्ही उघडावी लागतात. पण टीव्हीवर मालिका-सिनेमे बघायचं यांच्या नावावर जे खातं आहे, त्याचा पासवर्ड म्हणजे दुकानाचा फोन नंबर. तोच पाटीवर हातभर आकड्यांत रंगवलेला.

"अहो, बदला तो," मी म्हणायचे.

"आपलीच तर माणसं बघतात," हे म्हणायचे, आणि तिसरं कुलूप लागलंय ना ते ओढून बघायचे.

आपली माणसं म्हणजे नणंद, तिचा नवरा, चुलत दीर, त्या दिराचा घरमालक आणि एकदा फ्रिज दुरुस्त करायला आलेला कारागीर. त्या पठ्ठ्याने तर आमच्या खात्यात स्वतःचा फोटो लावून वेगळं प्रोफाइल उघडलं. रोज टीव्ही लावला की आधी त्याचं दर्शन.

मी एका कुरिअर कंपनीत तक्रारीचे फोन घेते. म्हणजे घेत होते. वर्षभरापासून मला कमी ऐकू यायला लागलं होतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलं, ते यायला तीन आठवडे होते. आणि त्याआधीच ऑफिसात कायम करायच्या माणसांची यादी लागणार होती. सहा वर्षं त्या यादीची वाट बघितली होती मी. यादी करणारा साहेब कोण, तर नणंदेचा नवरा! मशीन कानात बसेपर्यंत ही गोष्ट कुणाला कळायला नको होती. यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तेवढं मात्र मान्य करायला हवं.

घरी मी टीव्ही बघायचे तो खाली अक्षरं लावून. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतात ती. त्यांत आवाजसुद्धा लिहून येतात. 'दार करकरतं.' 'दूर फोन वाजतो.' दिवसभर फोन घेणारी मी संध्याकाळी फोनची घंटा वाचत बसायचे. रडू यायचं.

एका रविवारी आम्ही नणंदेकडे जेवायला गेलो. जेवणं झाल्यावर तिने टीव्ही लावला.

"माझं सगळं बघून झालं. वहिनी, तुमचं काय चाललंय बघू," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर माझं प्रोफाइल उघडलं. माझी मालिका सुरू झाली, खाली अक्षरं आली: 'मांजर ओरडतं.'

नणंद खो-खो हसली. "अहो वहिनी, मांजर ओरडलेलंही वाचायला लागतं तुम्हाला?"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? साहेब तेवढे हसले नाहीत. पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे जाऊन थांबले. मी टीव्हीकडे बघत राहिले. मग समोर बसलेल्यांचे चेहरे एकदम गंभीर झाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी मागून मला दोनदा हाक मारली होती, हे मला यांनी घरी आल्यावर सांगितलं.

सोमवारी माझ्या टेबलावरचा हेडफोन गायब. "तुमच्या भल्यासाठीच, वहिनी," साहेब म्हणाले आणि मला खाली पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं.

संध्याकाळी हे ऐकून आमच्या कुलूपवाल्यांचा पारा चढला. तडक दुकानात गेले आणि दारासाठी चौथं कुलूप घेऊन आले.

"आता बघतो कोण येतं आत!" म्हणाले आणि स्क्रू पिळायला लागले.

मी कपाळावर हात मारला. मग रिमोट घेऊन बसले. आमचं खातं एकोणीस ठिकाणी चालू होतं, त्यांतली दोन ठिकाणं आमची. एका झटक्यात सगळ्यांना बाहेर काढलं. नवा पासवर्ड ठेवला, तो यांनाही सांगितला नाही. माझ्या प्रोफाइलला पिन लावला. फ्रिजवाल्याचा फोटो सगळ्यात शेवटी पुसला. रोजची सवय झाली होती त्याची.

अर्ध्या तासात नणंदेचा यांना फोन. "ऐन भागाच्या मध्यात बंद पडलं! आपल्या माणसांना असं बाहेर काढतात का?" कान कसे गेले, नोकरीचं काय झालं, यातलं एक अक्षर नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले तीन आठवडे सरले आणि मशीन आलं. केसांखाली दिसतही नाही. त्याच रविवारी साहेब स्वतः घरी आले. यांनी एकामागून एक चारही कुलपं उघडली. मला आतल्या खोलीत प्रत्येकाचा खटका वेगळा ऐकू आला. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. साहेब दारात, माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"वहिनी, तो नवा पासवर्ड काय हो?"

मी घडी घातली.

"वहिनी?"

त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता मला. मी पुढचा कपडा उचलला.