डावा खांदा, उजवा खांदा

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून माझे दोन्ही खांदे सारखेच दुखतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्या. बायको म्हणाली, तेल चोळा. माझा दोघींवरही भरवसा नव्हता. मी शिंपी आहे. नवं कापड आटतं का, ते आधी तुकडा भिजवून बघतो. तसंच ठरवलं. उजव्या खांद्याला सुया, डाव्याला तेल, तीन आठवडे.

बायको तेल चोळायला आली, तर तिला हात लावू दिला नाही. तेल तिचं, हातही तिचाच, मग निकाल कुणाच्या बाजूनं लागणार?

तीन आठवड्यांत डावा खांदा मोकळा झाला आणि उजवा जास्तच ठणकायला लागला. बायकोला घेऊन मी तडक दवाखाना गाठला.

"तुमच्या सुया म्हणजे शुद्ध फसवणूक आहे," मी डॉक्टरबाईंना सुनावलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "तेल कोण चोळत होतं?"

"मीच. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, चांगला जोर लावून."

"कुठल्या हातानं?"

मी उजवा हात वर केला आणि कळ थेट मानेपर्यंत गेली.

"सगळ्यांवर संशय घेऊन झाला," बायको म्हणाली, "तेवढा हा हात राहिला होता."