ताकातलं जांभळं

दुसरबीडच्या कारभारींनी देऊळगाव राजाच्या बालाजीसमोर शपथ घेतली होती: पुन्हा तंबाखू तोंडात गेली तर मिशी उतरवीन. घ्यायला लावली त्यांच्या बायकोनं, गीताबाईंनी. मिशी म्हणजे कारभारींचा जीव. ती गेली असती तर माणूस घराबाहेर पडला नसता, हे मी लिहून देतो.

त्यात नात पुष्पांजली कॉलेजातून आली ती बाटलीत जिवंत पेशी घेऊन. पाव फुगवणारं यीस्टच ते, पण प्रयोगशाळेत कामाला लावलेलं. तंबाखूतलं निकोटिन कशातही मिसळलेलं असो, या पेशी त्याला शोधतात आणि जांभळ्या होतात, असं तिनं सांगितलं. गीताबाईंना एवढंच पुरे होतं. आजोबांची चाचणी कर म्हणाल्या. कारभारी अडून बसले: एकट्याची नाही, दोघांची करा. गीताबाई जरा चाचरल्या, पण आता नाही म्हणायची सोय नव्हती.

दोघांनी ताकाची चूळ भरून आपापल्या पेल्यात टाकली. आजोबांचा पेला उजवीकडे, आजीचा डावीकडे. पेशी घालून पुष्पांजली आंघोळीला गेली, गीताबाई म्हशीकडे.

कारभारींना घाम फुटला. शपथ मोडून पोळ्याला त्यांनी एक चिमूट खाल्ली होती. आता चार महिने उलटून तूर काढणीला आली होती, पण चोराच्या मनात चांदणं. त्यांनी गुपचूप पेल्यांची अदलाबदल केली आणि देवापुढे उदबत्ती लावून बसले. बालाजीलाही कसंनुसं झालं असेल.

दोघी परत आल्या तेव्हा डावीकडचं ताक पांढरंशुभ्र होतं आणि उजवीकडचं जांभळं. गीताबाईंनी पांढऱ्या ताकाकडे बघून हात जोडले. त्यांना खरोखर चमत्कार वाटत होता. कारभारींना आधी काहीच कळेना. मग उमगलं, गीताबाईंना गोठ्यामागे रोज दात घासायला एवढा वेळ का लागतो ते. तंबाखू जाळून केलेली मशेरी. रागानं त्यांचे कान तापले. चोरी बायकोची आणि मिशी जायची आपली.

न्हाव्याला फोन लावू का, असं पुष्पांजली विचारू लागली. आता मात्र त्यांना राहवलं नाही.

"थो पेला तुहा हाये," ते गीताबाईंना म्हणाले. "तू मशेरी लावते."

गीताबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पदर सावरला.

"हाव, लावते," त्या म्हणाल्या. "पन तुमी तंबाखू खाल्लीच नाई, त मंग पेला बदलला काऊन?"

कारभारींनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. पुष्पांजलीनं फोन लावला.