कापायच्या टेबलाखाली

माझ्या धाकट्या जावेला सगळं माझ्यानंतर मिळालं आणि माझ्यापेक्षा चांगलं मिळालं. लग्न माझ्यानंतर, पण नवरा ऐकणारा. मशीन माझ्यानंतर, पण त्याचा दोरा कधी तुटत नाही. आजारपणही तिच्या दारात माझ्यानंतर आलं आणि हलक्या पावलानं निघून गेलं. निदान मला तसं वाटायचं.

आमचं घर एकच. पुढच्या मोठ्या खोलीत पडदे शिवायचं काम, मागे दोन बिऱ्हाडं. माझी ठमी आणि जावेचा भुंगा एका ताटात जेवणारी, एका पेल्यातून पाणी पिणारी पोरं. ठमीला ताप आला तेव्हा मी नेहमीचाच ताप समजले. मान वाकवेना, उजेड सोसेना, तरी मी आपली उद्या बघू, उद्या बघू करत राहिले. मग तिला झटका आला. हॉस्पिटलात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतूंमुळे झालेला मेंदूज्वर आहे, आणायला उशीर केलात. ठमी वाचली. उजवा हात मात्र लुळा पडला.

आम्हा बाकीच्यांना खबरदारीच्या गोळ्या मिळायच्या आतच भुंगाही तापला. पण तोवर जाऊ शहाणी झाली होती. एक उलटी झाली, मान आखडली, की ती त्याला खांद्यावर टाकून धावत सुटली. लगेच इंजेक्शनं, लगेच सलाइन. त्याला झटका आला नाही, हातपायही धड राहिले. ठमीच्या आधी तो घरी गेला. माझ्या पोरीचे हाल झाले म्हणून तो निभावला, आणि पेढे खाल्ल्यासारखं तोंड करून फिरत होती ती त्याची आई.

जाताना डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. कानाची तपासणी करायचं मशीन बिघडलंय, दुरुस्त झालं की लगेच आणा. या दुखण्यात कान जाऊ शकतात, आणि उशीर झाला तर कानाचा आतला भाग हाडासारखा कडक होतो, मग ऑपरेशन करून यंत्र बसवणंही अवघड. मशीन दुरुस्त झालं तेव्हा ठमी हॉस्पिटलातच होती, तिची तपासणी झाली. कान ठणठणीत निघाले. भुंग्याला जावेनं नेलंच नाही.

"त्याला काय झालंय?" म्हणाली. "बोलावलं की बघतो."

बघतो, हे खरं होतं. पण आमच्याकडे बोलवायची रीतच निराळी. चारही मशीनं सुरू झाली की ओरडून घसा बसतो, म्हणून कुणी कुणाला हाक मारत नाही. मधोमध कापायचं लांब लाकडी टेबल आहे, त्यावर तळहात आपटायचा. सगळे वर बघतात, मग ज्याच्याशी काम असेल त्याला खुणावायचं. पोरं त्याच टेबलाखाली, पायांना पाठ टेकून, चिंध्यांशी खेळतात. हात आपटला की त्यांच्या पाठीला हादरा बसतोच.

भुंगा हे नाव त्याला अखंड गुणगुणण्यावरून पडलेलं. आजारातून उठल्यावर ती गुणगुण थांबली. पोरगं किती शहाणं झालं म्हणून घरभर कौतुक. माझा जळफळाट व्हायचा. माझी पोरगी डाव्या हातानं खाताना अर्धं सांडणार, आणि हा वर गुणी होऊन आलेला. ठमीच्या हाताचे व्यायाम मी सकाळी घाईत, डोकं भलतीकडेच ठेवून उरकायचे आणि मशीनवर बसले की दिवसभर भुंग्यावर डोळा ठेवायचे. कुठं पाय अडखळतो का, काही विसरतो का. काहीतरी सापडू दे, एवढंच माझं मागणं.

आणि सापडलं. एका दुपारी वीज गेली, मशीनं थांबली. जाऊ त्याच्या पाठीमागून म्हणाली, "भुंग्या, दूध पी." तो ढिम्म. पुन्हा म्हणाली, तरी ढिम्म. तेवढ्यात स्वयंपाकघरात ताटांचा ढीग कोसळला. ठमी दचकली, मी दचकले, तो चिंधीला गाठ मारत बसला. मग जावेनं सवयीनं टेबलावर हात आपटला आणि त्यानं हसत वर बघितलं. तिला काही खटकलंसुद्धा नाही.

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण पहिल्याच घासात खडा लागावा तसा तो आनंद गेला. उशीर म्हणजे काय, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"त्याला ऐकू येत नाही गं," मी म्हणाले. "आजच्या आज तपासून आण."

जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला बघवत नाही ना? आम्ही घरी आल्यापासून तुमची नजर त्याच्यावरून हलत नाही."

"नाही बघवत. जळते मी. तरी ने."

तिनं पुन्हा टेबलावर हात आपटला. भुंग्यानं पुन्हा वर बघितलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. वीज आली आणि ती मशीनवर जाऊन बसली.

खरं बोलून उपयोग नव्हता. माझ्या तोंडून ते खोटंच वाटणार. मग जेवताना, सगळ्यांच्या देखत, मी तिला डिवचलं.

"माझं तोंड कायमचं बंद करायचंय? तपासून आण. कान धड निघाले तर इथंच सगळ्यांसमोर माफी मागेन, आणि खिडकीजवळचं मशीन तुझं."

खिडकीजवळच्या उजेडातली माझी जागा तिला लग्न झाल्यापासून हवी होती. दुसऱ्या दिवशी ती गेली. पोराला तपासायला कसली, माझी जिरवायला गेली.

परत आली ती चपला न काढताच स्टुलावर बसली. सगळ्यांनी मशीनं बंद केली.

"दोन्ही कान," ती म्हणाली. "यंत्र बसेल म्हणाल्या. पण आणखी थांबला असतात तर बसलं नसतं, असंही म्हणाल्या."

खिडकीजवळची जागा माझीच राहिली होती आणि तिथं बसावंसं वाटत नव्हतं.

भुंगा टेबलाखाली शिरला. ठमी बाहेर उभी होती, बगलेत त्याची चिंध्यांची बाहुली. तिनं हाक मारली नाही. टेबलावर हात आपटला, त्यानं डोकं बाहेर काढलं, तिनं बाहुली दाखवली.

"ताई," जाऊ म्हणाली, "उजवा."

मी बघितलं. बोटं वळलेली होती, तळवा तिरपा पडला होता, पण हात तिनं आपला आपण उचलला होता.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. आधी नुसता घसटायची. तो डाव्या बाजूला बसला तरी हाच हात वापरते." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं, तुम्ही बघताय. तुमचीच तर पोर."

तिला दिसलं होतं. मला नाही.

"ठमे," मी म्हणाले, "परत आपट बघू."

ठमीनं हात आपटला. भुंग्यानं वर बघितलं, आणि मीही.