टाचणीताईंचा राजीनामा

मित्रांनो, मी एक जुनी काजं करणारी मशीन आहे. शर्टाचं बटण ज्या बारीक फटीत अडकवता ना, तिला काज म्हणतात. कडेनं टाके घालायचे आणि मधोमध पातं मारायचं, एवढंच माझं काम. पण पातं एकदा पडलं की कापड पुन्हा सांधत नाही, म्हणून माझ्यापुढे बसणाऱ्याचा हात शांत लागतो.

टाचणीताईंचा तसा होता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी नवी कोरी आले, तेव्हापासून त्याच माझ्यापुढे बसत. कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव. सकाळी आल्या की आधी मला तेल, मग स्वतःला पाणी. कुणी पाहुणे आले की आमचे मॅनेजर साहेब त्यांना मुद्दाम आमच्याजवळ आणत आणि सांगत, या बाई म्हणजे कारखान्याचा कणा.

मग ताईंच्या आईनं अंथरूण धरलं. घरामागच्याच एका शिवणघरात ताईंना काम मिळालं. दुपारी घरी जाऊन आईला भरवता आलं असतं. त्यांनी राजीनामा दिला. नव्या माणसाला सगळं शिकवूनच जाते, असंही सांगितलं.

साहेब आधी हसले. तुम्ही तर घरच्या, म्हणाले. ताई बधत नाहीत असं दिसल्यावर त्यांचं तोंड फिरलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, तर माझ्यापुढचं स्टूल गायब. त्यांना दारापाशी जमिनीवर बसवून धागे कापायला दिले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. सुटताना रखवालदारानं साहेबांच्या हुकमावरून त्यांची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. त्या बिचाऱ्याची मान वर होत नव्हती. पिशवीतून डबा पडला आणि आईचं औषध. मी बघत राहिले. मला पातं होतं, पाय नव्हते.

एवढ्यावर साहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी त्या शिवणघराच्या मालकाला फोन करून सांगितलं, की बाईंचा हात चोरटा आहे. ताईंचं ते काम गेलं.

ताई परत आल्या. सगळ्यांना वाटलं, आता पाया पडतील. त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, चोरी न करता चोर ठरले. आता करून दाखवते. तुमची माणसं नेणार."

"तुमच्या मागं येतंय कोण, बाई?" साहेब म्हणाले.

ताईंनी आईच्या खाटेशेजारीच एक मशीन मांडून स्वतःचं शिवणकाम सुरू केलं. त्यांच्याकडे जायला सगळ्यात आधी राजीनामा दिला तो कॉलर लावणारीनं. साहेबांनी तिलाही दारापाशी बसवलं, तिचीही पिशवी उलटी केली. ते पाहून बाह्या जोडणाऱ्या दोघी बहिणी गेल्या. त्यांचे हाल पाहून इस्त्रीवाले काका. साहेब जितके चिडत, तितकी स्टुलं रिकामी होत. शेवटी रखवालदार म्हणाला, आता माझी पिशवी कोण तपासणार, आणि तोही गेला. माझ्या जिवाला काय गार वाटत होतं म्हणून सांगू!

एका मोठ्या शाळेचे गणवेश द्यायची वेळ आली, तेव्हा साहेब स्वतः माझ्यापुढे बसले. बाह्या दुमडलेल्या, हात नुसता घाईत. मला तर कुणी तेलाचा थेंब दाखवला नव्हता. पातं पडलं ते थेट टाक्यांवर. पुढचा शर्टही तसाच फाटला. मनात आणलं असतं तर मी थोडं सांभाळून घेतलं असतं. नाही घेतलं. कापत सुटले.

शाळा गेली, मागोमाग बाकीची गिऱ्हाइकं गेली. कारखाना बंद पडला आणि मशिनी विकायला काढल्या. ताई बघायला आल्या. वाटलं, सुटले मी! त्यांनी माझ्यावरची धूळ हातानं पुसली, चाक फिरवून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडून आता नाही व्हायचं गं." शेजारची नवी मशीन घेऊन त्या निघून गेल्या.

मी पेटले. त्या नवीचं पातं पहिल्याच दिवशी मोडो, असा शाप ओठांवर आला. आणि मग अंगावर काटा आला. तो आवाज हुबेहूब साहेबांचा होता.

आता मी भंगारात पडून आहे. मित्रांनो, तुम्हाला सोडून कुणी निघालं तर राग येईल. येऊ दे. पण त्याला दारापर्यंत पोचवा आणि जपून जा म्हणा. ताईंसाठी माझ्या तोंडून तेवढं निघालं. साहेबांसाठी अजून निघत नाही.