बारशाआधीची फाईल

माझा धाकटा भाऊ जितेश काविळीने गेला, त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच्या कॉलेजच्या सरांचा फोन आला. उल्हास नदीचं पाणी आमच्या कुळगावात केव्हा आणि किती चढेल, हे आधी सांगणारा प्रोग्राम तो लिहीत होता. सरांकडे नुसते आलेख होते. "प्रोग्राम मिळाला तर शोधनिबंधावर त्याचं नाव पहिलं छापू," ते म्हणाले. आईने तेवढंच धरलं. पोराचं नाव छापून येणार म्हणून ती निदान ताटावर बसायला लागली.

जितेशचं सगळंच उरफाटं. प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर लोक चित्रावर क्लिक करून उघडतात, हा पठ्ठ्या काळी खिडकी उघडून हुकूम टाईप करायचा. तो हुकूम मला बघून बघून पाठ झाला होता. त्याच्या कॉम्प्युटरवर मी तो टाईप केला. सॉफ्टवेअर उघडलं आणि लगेच मिटलं. पुन्हा केला, पुन्हा तेच.

शेवटी जितेशच्या दोस्ताला, अल्पेशला बोलावलं. उल्हासनगर कॅम्प चारला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान टाकून आला बिचारा.

"सेटिंग करप्ट झालीय, कीर्ती. रीसेट मारतो. टेन्शन मत ले, सेटिंग उडेल, फाईलला काय होत नाय."

त्याने त्याच हुकुमापुढे रीसेट जोडलं आणि एंटर दाबलं. या वेळी सॉफ्टवेअर उघडं राहिलं. दारात उभ्या आईने हात जोडले.

मग आम्ही फोल्डर धुंडाळले. पावसाचे आकडे सापडले, जांभूळ गावाजवळच्या नदीच्या पातळीचे सापडले. प्रोग्राम कुठेच नाही.

"फाईलला नाव काय दिलं होतं त्याने?" अल्पेशने विचारलं, आणि तेव्हा मला आठवलं.

नाव दिलंच नव्हतं. सॉफ्टवेअर उघडलं की एक कच्ची फाईल आपोआप समोर येते, जितेश वर्षभर तिच्यातच लिहीत होता. मी टोकलं की म्हणायचा, "बारशाआधी कुणी पोराचं नाव ठेवतं का? नीट चालू दे, मग करू बारसं." आई हसायची. ती कच्ची फाईल सेटिंगच्याच फोल्डरात राहते आणि रीसेटमध्ये पुसली जाते, हे अल्पेशला ठाऊक नव्हतं. शहाणा माणूस तिथे काही ठेवतच नाही.

पुसलेलं परत मिळतंय का बघायला तो डिस्क काढून दुकानात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आणून बसवली, नुसती मान हलवली आणि जिन्यात जाऊन रडला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण खरा राग जितेशवर होता. शहाण्या, एक नाव टाईप करायला काय जात होतं तुझं?

आईला अजून काही सांगितलं नव्हतं. ती येऊन माझ्या शेजारी बसली. पडद्यावर नवी कच्ची फाईल होती, वर इंग्रजीत दोन ओळी: ही तात्पुरती फाईल आहे. आईला इंग्रजी वाचता येत नाही.

"हेच ना त्याचं?"

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्याचं बारसं राहिलंच गं. आता तू ठेव नाव. आत्याचाच मान असतो."

मी त्या रिकाम्या फाईलला जितेशचं नाव दिलं.

"ठेवलं?"

"ठेवलं."

"मग पाठव सरांना," आई म्हणाली.