थोरल्याचं अर्लपद

इंग्लंडातल्या थिरल्बी घराण्याचे म्हातारे अर्ल गेले. त्यांना चर्चच्या तळघरात पूर्वजांच्या रांगेत ठेवून घरचे लोक चहाला परतले, तेव्हा ऑस्वल्ड सरळ टेबलाच्या वरच्या टोकाला जाऊन बसला. बसणार नाही तर काय? उमेदीची सगळी वर्षं त्याने या घराची छपरं, कुळं आणि मेंढ्या सांभाळण्यात घातली होती. थोरला मुलगा म्हणून अर्लपद, घराण्याचा सरदारी किताबही, आता त्याचाच होता.

"बसा सरकार, बसा!" धाकटा पेरेग्रिन म्हणाला. हा लंडनला असे. श्रीमंतांना घोडे दाखवायचे आणि मधल्यामध्ये दलाली खायची, हा त्याचा धंदा. चेष्टा तेवढी जमायची, काम कधी जमलं नाही.

वकील ग्रिमशॉ हळूच खाकरले. "बाईसाहेब, किताब ऑस्वल्डसाहेबांच्या नावावर चढवायचा, तर तुमच्या लग्नाची तारीख कळवावी लागते. आपला एक रिवाज."

अर्लांच्या विधवा, लेडी रोझमंडनी, बिस्कीट खाली ठेवलं आणि तारीख सांगितली. नोव्हेंबरमधली.

वकिलांचं पेन थांबलं. ऑस्वल्डचा जन्म त्याच वर्षी ऑगस्टमधला. दर वर्षी त्या दिवशी कुळांना बिअर मिळायची, त्यामुळे साऱ्या गावाला तो दिवस पाठ होता.

"ममा, तू चुकतेयस," ऑस्वल्ड म्हणाला.

"मला भ्रम झालेला नाही. तुझे आजोबा नुकतेच गेले होते, वर्षभर दुखवटा, थाटाचं लग्न करता येईना. मी म्हणत होते, नोंदणीच्या कचेरीत जाऊन सही करू आणि मोकळे होऊ. पण तुझे पप्पा ऐकतील तर शपथ! थिरल्बींचा अर्ल कारकुनापुढे लग्न लावतो होय? त्यांना बिशप पाहिजे, चारशे पाहुणे पाहिजेत! पोट दिसायला लागलं तेव्हा स्वित्झर्लंड गाठलं. तिथे तू झालास. अन् शेवटी लग्न लागलं ते तिथल्याच कचेरीत, भाड्याचे साक्षीदार उभे करून. घरी कळवलं, लग्न वसंतातच उरकलं म्हणून."

वकिलांनी चष्मा पुसला. "आईवडिलांनी नंतर लग्न केलं की मूल बाकी सगळ्या बाबतींत औरस धरतात. फक्त किताबाला ते चालत नाही. अर्ल पेरेग्रिनसाहेब झाले. घर आणि जमीन किताबामागून जातात."

"अरेच्चा!" पेरेग्रिन म्हणाला, आणि नकळत टाय नीट करू लागला. "ऑझी, मी काही मागायला आलो नव्हतो हं." पण नको, असंही तो म्हणाला नाही.

ऑस्वल्डने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. किताबाचं त्याला काही नव्हतं; तो आईकडे वळला.

"पप्पांना हे ठाऊक होतं?"

"म्हणजे काय!"

"मी मॅरियनशी संसार थाटायला तिच्याबरोबर कॅनडाला निघालो होतो, ममा. पेट्या गाडीत चढल्या होत्या. पप्पा दारात आडवे आले, म्हणाले, उद्याचा अर्ल आपली जमीन टाकून जातो का? मी पेट्या उतरवल्या. ती एकटी गेली. तू तिथेच उभी होतीस."

"होते."

"आणि गप्प राहिलीस?"

"आवाज चढवू नकोस, नोकर ऐकतील." लेडी रोझमंडनी कपात दूध ओतलं. "छप्पर गळत होतं, कुळं माजली होती, कारभारी सोडून गेलेला. आणि धाकटा पेरी शाळेत होता. तो मोठा होईपर्यंत त्याचं हे सगळं कुणीतरी सांभाळायला नको का, बाळा? तुला खरं सांगितलं असतं, तर तू राहिला असतास?"